व्हीलचेअरसह चढता येईल अशी जुनी व्हॅन घेताना



“सिस्टर, पोराले दवाखान्यात न्याचं हाय. पण माही कंबर आता ऐकत नाही जी.”

गेल्या मार्चमध्ये उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतली एक माय हे सांगत आमच्या दारात आली. वॉर्डातली नोकरी सोडून आम्हांला बरीच वर्षे झाली, पण वस्तीत अजून सिस्टरच म्हणतात. तिचा मुलगा ३१ वर्षांचा. रंगकाम करायचा. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला आणि छातीच्या चौथ्या मणक्यापाशी मज्जारज्जूला मार बसला. हात चांगले चालतात, डोके शाबूत आहे, पण छातीखालचे काही हलत नाही आणि काही कळतही नाही. लघवीला नळी आहे. बसकणीवर एक जखम आहे, ती भरत येते आणि पुन्हा उघडते.

ती का उघडते हे आम्हांला एकदा त्याच्याबरोबर ऑटोने गेल्यावर कळले. एकाने बगलेत हात घालून आणि दुसऱ्याने गुडघ्याखाली धरून त्याला सीटवर ठेवले, मग ओढून आत घेतले. ओढताना कातडी रेक्झिनला चिकटून राहते, आतले हाड पुढे सरकते आणि मधले मांस चिरडते. वरून ओरखडाही दिसत नाही. चार दिवसांनी तिथे काळा डाग येतो आणि आठव्या दिवशी खड्डा. एकदा तर त्याचा पाय ऑटोबाहेर लोंबत राहिला, चप्पल निसटली आणि अंगठा रस्त्यावर घासत गेला. त्याला कळलेच नाही. दवाखान्यात उतरल्यावर रक्त दिसले.

१०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे, पण ती जीव वाचवण्यासाठी आहे. दर पंधरा दिवसांच्या ड्रेसिंगला ती बोलावता येत नाही, आणि बोलावूही नये. खासगी ॲम्ब्युलन्सवाला एका फेरीचे १५०० रुपये घ्यायचा. म्हणून चार तारखा चुकल्या होत्या. माय स्वतः ५५ वर्षांची, लोकांकडे धुणीभांडी करते. तिची कंबर गेली तर त्या घरात दोन पेशंट होणार होते.

व्हीलचेअरसकट माणूस आत जाईल अशी गाडी हवी, हे आम्ही त्याच दिवशी बोललो. वस्तीतले काही जण हसले. “घरात पंखा धड नाही अन् गाडी घेते.” त्यांचेही चुकले नाही, कारण आपल्याकडे गाडी म्हणजे चैन. पण या घरासाठी ती बँडेजइतकीच औषधाची वस्तू होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४१ व्या कलमात स्वतःच्या हिंडण्या-फिरण्यासाठी सवलती आणि वाहनांत फेरबदल यांची योजना सरकारने करावी असे लिहिलेलेच आहे. हे कलम आम्ही वस्तीच्या सभेत वाचून दाखवले, तेव्हा हसणे थांबले.

पैशाचे आधी सांगतो. मुलाने इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून ठेवली होती, म्हणून कायमच्या अपंगत्वाचे २ लाख रुपये मिळाले होते आणि मायने ते मोडले नव्हते. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, त्याच्याबरोबर काम करणाऱ्या बाकी पाच जणांनी तो आळसाने काढला नव्हता. हे वाचणाऱ्या प्रत्येक घरात बांधकामावर जाणारे कोणी असेल, तर हा अंक बाजूला ठेवून आधी त्याची नोंदणी आहे का ते विचारा. उरलेले पैसे बचत गटाचे कर्ज आणि नातेवाईक. नवीन गाडी घेऊन तिच्यात रॅम्प करून घेणे आवाक्याबाहेर होते. जुनीच बघायची ठरली.

पहिल्याच गाडीत आम्ही फसलो. मोबाईलवर जाहिरात आली, “व्हीलचेअर व्हॅन, रॅम्पसहित, उत्तम स्थिती.” फोटोत रॅम्प चकाकत होता. दुसरे गिऱ्हाईक येणार आहे असे सांगितल्यावर घाईने १० हजार बयाणा पाठवला. आम्ही वर्षानुवर्षे लोकांना सांगत आलो की न वाचता सही करू नका, आणि आम्हीच न बघता पैसे पाठवले. गाडी बघायला गेलो तर साधी व्हॅन, मागची सीट काढलेली आणि लोखंडी पत्र्याचा रॅम्प दोन बिजागऱ्यांवर लावलेला. आमचा मुलगा आत जाऊ शकत नव्हता, कारण मागच्या दाराची उंची त्याच्या डोक्यापेक्षा वीतभर कमी होती. विकणारा म्हणाला, “मान खाली घालायची, दोन मिनिटांचं काम.” मणक्याला मार लागलेल्या माणसाला तो हे सांगत होता. खुर्ची बांधायला सामानाची नायलॉनची दोरी होती. आरसीवर या बदलाची एक ओळही नव्हती. भांडून ४ हजार परत मिळाले, ६ हजार गेले.

त्या ६ हजारांत एक गोष्ट शिकलो. गाडी बघायला जाण्याआधी माणूस मोजायचा. त्याच्या नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या गादीवर, पायात बूट घालून बसवायचे आणि शिंप्याची टेप घ्यायची. जमिनीपासून डोक्याच्या टाळूपर्यंत उंची, खुर्चीची बाहेरच्या बाजूने रुंदी, आणि मागच्या चाकापासून बुटाच्या टोकापर्यंत लांबी. रुंदी मोजताना चाक ढकलायच्या कड्यावर त्याचा हात ठेवूनच मोजा, नाहीतर दारात बोटे सोलली जातात. आमचे माप १२७, ६६ आणि १०९ सेंटिमीटर निघाले. वजन धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर केले. खुर्चीसकट ८४ किलो, त्यात माणूस ६२, खुर्ची १९ आणि गादी वगैरे ३. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत, उलट चहा पाजला.

हे ८४ किलो का लागतात, तर चढावासाठी. सरकारी इमारतीतल्या रॅम्पचा उतार १ ला १२ धरतात, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. त्यावर ८४ किलो ढकलायला साधारण ७ किलोचा जोर लागतो. गाडीला बारा-पंधरा फुटांचा रॅम्प कोण लावणार? त्यामुळे गाडीचा रॅम्प नेहमी उभाच असतो, प्रश्न किती उभा एवढाच. त्या पहिल्या गाडीची फरशी जमिनीपासून ५४ सेंटिमीटर उंच आणि रॅम्प १५० सेंटिमीटर लांब होता. हिशेब केला तर ३० किलोचा जोर. म्हणजे दर वेळी मायने अर्धे पोते तांदूळ चढावर ढकलायचे, आणि मध्येच हात सुटला तर मुलगा उलटा खाली. जी गाडी शेवटी घेतली तिची फरशी कापून खाली घेतलेली होती. उंची ३२ सेंटिमीटर, रॅम्प १४० सेंटिमीटर, जोर १९ किलो. तेवढे माय आणि एक शेजारीण मिळून सहज करतात. गाडी बघायला जाताना वही-पेन न्या. रॅम्पची लांबी आणि फरशीची उंची मोजा, उंचीला लांबीने भागा आणि आपल्या वजनाने गुणा. शाळेतली कोणतीही पोर हे करून देईल.

ही दुसरी गाडी वर्धा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांची होती. मारुती ईको, २०१६ ची. त्यांना पक्षाघात झाला तेव्हा मुलाने ती बदलून घेतली होती. गुरुजी वारले आणि सहा महिन्यांनी गाडी विकायला काढली. अशा गाड्या बहुतेक वेळा घरातले माणूस गेल्यावरच बाजारात येतात. आम्ही गेलो तेव्हा आत खुर्चीच्या बाजूला त्यांचा चष्मा ठेवायचा कप्पा तसाच होता. भाव तर करायचाच, पण अशा ठिकाणी जीभ आवरून करावा. ३ लाख ४० हजार सांगत होते, ३ लाख ५ हजारांवर आले. कोणासाठी घेतो हे कळल्यावर त्यांच्या मुलाने स्वतःहून एवढे कमी केले.

गाडीखाली आमचा ओळखीचा मिस्त्री झोपला. फरशी कापून खाली घेतलेल्या गाडीत इंजिनाआधी हेच बघायचे असते. जोड दिलेल्या वेल्डिंगला गंज चढला आहे का, तडा आहे का, आणि कापलेल्या जागी चेसिसला नवी आडपट्टी दिली आहे की नुसता पत्रा ठोकला आहे. फरशी खाली आल्यावर गाडी स्पीडब्रेकरला घासते, त्या घासल्याच्या खुणा खाली दिसतात. सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी सरकवली असेल तर ती कशाने धरली आहे ते बघा. सीएनजीची गाडी असेल आणि टाकी मागे असेल तर रॅम्पला जागाच उरत नाही. टाकी हलवलेली असेल तर तिची दर तीन वर्षांची तपासणी झाल्याचे पत्र मागा. रॅम्पवर पाणी ओतून त्यावर चप्पल घालून चढून बघा. आमच्यातली एक जण घसरली. तिथे नंतर खरखरीत पट्ट्या चिकटवून घेतल्या. रॅम्पच्या दोन्ही कडांना दोन बोटे उंच काठ हवा, नाहीतर एक चाक खाली उतरते आणि खुर्ची कलंडते. ओम्नी स्वस्त मिळते म्हणून काही जण घेतात. ती २०१९ मध्येच बंद झाली, आता जी मिळेल ती जुनीच. आम्ही घेणार नाही.

आता पट्ट्यांचे. या विषयावर आम्ही कुणाशीही तडजोड करत नाही, कारण अपघातानंतरचे वॉर्ड आम्ही पाहिले आहेत.

व्हीलचेअरचे ब्रेक म्हणजे गाडीत काहीच नाही. ते चाक फिरू देत नाहीत, पण गाडी थांबली की खुर्ची चाकासकट उडते. व्हीलचेअर बांधायच्या पट्ट्यांसाठी आयएसओ १०५४२ आणि गाडीत बसायला चालणाऱ्या खुर्चीसाठी आयएसओ ७१७६-१९ हे मापदंड आहेत. त्यांची चाचणी ताशी ४८ किलोमीटरच्या समोरासमोर धडकेवर होते आणि त्या क्षणी वस्तूवर तिच्या वजनाच्या वीसपट जोर येतो. म्हणजे आमच्या १९ किलोच्या रिकाम्या खुर्चीचा ३८० किलो आणि ६२ किलोच्या मुलाचा १२४० किलो. म्हणून खुर्ची वेगळी बांधायची आणि माणूस वेगळा. दोघांना एकाच पट्ट्यात गुंडाळले तर खुर्चीचा भार माणसाच्या छातीवर येतो.

खुर्चीला चार पट्टे, दोन पुढे आणि दोन मागे. ते खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला अडकवायचे, चाकाला, हाताच्या कठड्याला किंवा निघणाऱ्या पायपट्टीला नाही. खालचे हूक फरशीतून आरपार बोल्टने बसवलेले आणि खालून जाड लोखंडी पट्टीने धरलेले हवेत. मिस्त्रीला खालून हात लावून बघायला सांगा. आमच्या गाडीत चारपैकी एक हूक पत्र्यात नुसत्या स्क्रूने बसवला होता. गुरुजींच्या मुलालाही ते माहीत नव्हते, तो गप्पच झाला. पट्ट्यांच्या कडा उसवल्या असतील, उन्हाने कडक झाल्या असतील किंवा गाडीचा एकदा अपघात झाला असेल तर पट्टे जुने नकोतच. आम्ही चारही नवे घेतले.

माणसाचा पट्टा खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून जायला हवा, पोटावरून नाही. खुर्चीचा हाताचा कठडा मध्ये येत असेल तर पट्टा कठड्याच्या आतून घ्या. ज्यांना छातीखाली ताकद नाही त्यांना तोल राहावा म्हणून छातीला एक रुंद पट्टी बांधतात. तो नुसता आधार आहे, सीटबेल्ट नाही. तोंड पुढे असावे. आडवे बसवून नेणे सर्वांत वाईट, आणि व्हॅनमध्ये नेमके तेच करायचा मोह होतो, कारण जागा तशी मिळते. डोक्याला मागून आधार हवा, साध्या घडीच्या खुर्चीला तो नसतो. आमच्याकडे दवाखान्यातून मिळते ती घडीची खुर्ची अशा धडकेसाठी तपासलेली नसते, हेही खरे. म्हणून ज्याला खुर्चीतून सीटवर येता येते, त्याने फळीवरून सरकून गाडीच्या सीटवर बसावे आणि खुर्ची घडी करून बांधावी. आमच्या मुलाला तेवढा तोल अजून आलेला नाही. त्याच्यासाठी पाठीला उंच आणि मजबूत सांगाड्याची दुसरी खुर्ची बघणे चालू आहे.

कागदांकडे वळतो. मोटार वाहन कायद्यात अपंग माणसासाठी बदल केलेल्या गाडीला ‘अनुकूलित वाहन’ म्हणतात आणि ५२ व्या कलमाखाली अशा बदलाला आरटीओची मान्यता घेता येते. ती मान्यता आरसीवर दिसली पाहिजे. नसेल तर उद्या अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. राष्ट्रीय महामार्गावर दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या वाहनाला पथकर माफ आहे, पण आरसीवर नोंद नसेल तर नाक्यावर वाद घालत बसावे लागते, आणि मागची रांग शिव्या देते ती वेगळी. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये बदल करून मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ अशी नोंद आणली. त्याआधीच्या गाड्यांवर ती नसते, आमच्याही नव्हती. गुरुजींच्या गाडीच्या आरसीवर बदलाची नोंद मात्र होती. म्हणूनच ती घेतली.

पण आरसी गुरुजींच्या नावावर होती आणि गुरुजी हयात नव्हते. मुलगा म्हणाला, “बाबांची सही असलेले कोरे फॉर्म आहेत माझ्याकडे.” हे बाजारात सर्रास चालते. आम्ही नाही म्हणालो. गेलेल्या माणसाच्या सहीने घेतलेली गाडी म्हणजे पुढे कधीही उभे राहणारे संकट. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, मग वारसाने फॉर्म २९ आणि ३० वर सही करून ती आपल्याला द्यायची. महिना गेला. माय रोज विचारायची, “आली का गाडी?” आम्ही म्हणायचो, कागद येतोय.

गाडीवर कधी कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की मालक, विमा आणि नोंदणीची तारीख दिसते. थकलेली चलानेही ऑनलाइन बघता येतात. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या तारखेपासून १५ वर्षे चालते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षे वाढवावी लागते. बारा-तेरा वर्षांची गाडी स्वस्त दिसते ती यामुळेच. अजून एक. पायाच्या अपंगत्वामुळे जीएसटीची सवलत घेऊन कोणी नवी गाडी घेतली असेल, तर ती पाच वर्षे विकणार नाही असे शपथपत्र त्याने दिलेले असते. चार वर्षांची, चकचकीत आणि स्वस्त व्हॅन दिसली तर हे जरूर विचारा.

व्यवहार झाल्यावर राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. “होईल हो निवांत” असे विकणारा म्हणाला तर त्याला सांगा, निवांत राहिल्याने त्याचेच नुकसान आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की आरसीवर ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. हे ऐकल्यावर लोक दुसऱ्या दिवशी आरटीओत हजर होतात. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा, आणि तेव्हाच रॅम्प व कापलेल्या फरशीची माहिती लेखी देऊन पोच घ्यायची. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्या नावाचा असतो.

गाडी कुणाच्या नावावर, यावर बचत गटात दोन बैठका झाल्या. पैसे गटाचे, म्हणून गाडी गटाची, असे काहींचे म्हणणे. शेवटी मुलाच्याच नावावर केली, कारण अनुकूलित वाहन हे त्या माणसाच्या वापरासाठीच असते. शेजारच्या आजींना डायलिसिसला नेऊन पाचशे रुपये घ्यावेत आणि हप्ता फेडावा, ही कल्पना अनेकांना सुचली. आम्ही अडवली. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणे परवान्याविरुद्ध आहे आणि अशा फेरीत काही झाले तर विमा हात वर करतो. कर्ज जुन्या पद्धतीनेच फिटते आहे, महिन्याला १२०० रुपये.

गाडी मिळाली म्हणजे प्रवास सुरक्षित झाला असे नाही. पहिल्या दिवशी आम्ही अर्धा तासच फिरवले, मुद्दाम खड्ड्यांच्या रस्त्याने. घरी आल्यावर त्याला कुशीवर घेऊन बसकण, माकडहाड, टाचा तपासल्या. पुस्तकात लिहितात की कातडी लाल दिसते का ते पाहा. आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसत नाही, आणि पुस्तके आपल्या कातडीसाठी लिहिलेली नाहीत. हाताची पालथी बाजू लावून गरम लागते का, आजूबाजूपेक्षा टणक किंवा पिठासारखी मऊ लागते का ते चाचपा. तसे लागले तर त्या जागेवर पुन्हा भार देऊ नका. गाडीत दर पंधरा-वीस मिनिटांनी सिग्नलवर किंवा थांबून त्याने पुढे झुकायचे, दोनेक मिनिटे. मायने मोबाईलवर गजर लावला आहे.

लघवीची पिशवी निघण्याआधी रिकामी करा, ती मूत्राशयाच्या खाली लटकली पाहिजे आणि नळी पट्ट्याखाली दबता कामा नये. हे नुसते स्वच्छतेसाठी नाही. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर दबलेल्या नळीने रक्तदाब एकाएकी चढतो. डोके घणघणते, चेहऱ्यावर घाम आणि लाली येते, अंगावर काटा येतो. या माणसांचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९०-१०० असतो, त्यामुळे १४०-१५० म्हणजे त्यांच्यासाठी धोका, जरी दवाखान्यात नवा माणूस “नॉर्मलच आहे” म्हणाला तरी. आमच्या मुलाला दुसऱ्याच फेरीत हे झाले. गाडी बाजूला घेतली, त्याला ताठ बसवले, छातीची आणि पोटाची पट्टी सैल केली. नळीला पीळ बसला होता, तो सोडवला. दहा मिनिटांत उतरले. तसे उतरले नसते तर थेट दवाखाना, ड्रेसिंगची तारीख गेली उडत.

आणि नागपूरचे ऊन. अशा इजेत खालच्या अंगाला घाम येत नाही, शरीर तापते आणि थंड होत नाही. तीन लाखांच्या गाडीत एसी बिघडलेला होता आणि आम्ही तो दुरुस्तीच्या यादीत शेवटी टाकला होता. मे महिन्यात एका दुपारी त्याचा ताप १०२ झाला आणि यादी उलटी झाली. एसीसाठी ९ हजार लागले. ओला पंचा आणि पाण्याची फवारणी बाटली गाडीत आता कायम असते.

जखम आता दोन रुपयांच्या नाण्याएवढी उरली आहे. मार्चपासून एकही तारीख चुकलेली नाही. चालवतो त्याचा चुलतभाऊ, आधी शाळेची व्हॅन चालवायचा, त्यामुळे स्पीडब्रेकरवर हळू घेण्याची त्याला सवय आहे. अशोक विजयादशमीला मुलाला दीक्षाभूमीवर जायचे होते. गर्दीमुळे गाडी बरीच अलीकडे उभी करावी लागली आणि पुढे आम्ही पाच जणांनी आळीपाळीने खुर्ची ढकलली. तो पडल्यापासूनचे हे पहिलेच दर्शन. परतताना गाडीत बसून त्याने भजी खाल्ली आणि सगळा शर्ट तेलकट करून ठेवला.

एक राहिले. गाडी त्याच्या दारापर्यंत येत नाही. गल्लीच्या तोंडाशी थांबते, आणि तिथून घरापर्यंत साठेक पावले उघडी नाली आहे, तिच्यावरच्या चार फरश्या तुटलेल्या. त्या साठ पावलांत दोन माणसांना खुर्ची उचलून न्यावी लागते, म्हणजे मायची कंबर अजून सुटलेली नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्याचा दाखला देऊन फरश्या आणि उतार करून देण्याचा अर्ज आम्ही जुलैमध्ये दिला आहे. पोच आमच्याकडे आहे, आणि दर सोमवारी आमच्यापैकी एक जण जाऊन विचारून येते.